पुस्तक मिटून काढलेलं चित्र

पान वाचून झालं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारून झाल्या, की विषय समजला असं मन बेधडक जाहीर करतं. त्या मनावर विसंबून उद्या वर्गात उभं राहायचं का, हे विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने रोज स्वतःला विचारायला हवं.

मन तपासायला मला संकल्पना चित्राइतकं कडक काही सापडलेलं नाही. मुलांची विज्ञानाची समज वर्षागणिक कशी बदलते ते कागदावर दिसावं, म्हणून जोसेफ नोव्हाक यांनी १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हे साधन घडवलं. चौकटींत संकल्पना, मध्ये बाण, बाणावर त्यांचं नातं सांगणारे शब्द. चौकटी पुस्तकातले ठळक शब्द उचलूनही भरतात. झडती होते ती बाणावर.

आमच्या मुंबईतल्या वडाळ्याच्या मिठागरांचंच घ्या. 'ऊन' आणि 'बाष्पीभवन' जोडले, वर 'घडवतं' लिहिलं. पण पाणी उकळत तर नाही, मग जातं कसं? पुरेशी ऊर्जा असलेले पृष्ठभागावरचे रेणू निसटतात. म्हणजे चित्रात पृष्ठभाग आणावा लागतो, वाराही आणावा लागतो; मिठागराचे वाफे उथळ आणि पसरट का, ते तेव्हा कुठे उमगतं. 'समुद्राचं पाणी' ते 'मीठ' हा एकच बाणही टिकत नाही. किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते एकदम खाली बसत नाहीत. जिप्सम आधी, खायचं मीठ नंतर, आणि मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार उरलेल्या कडू पाण्यातच राहतात.

वडाळ्याच्याच हार्बर रेल्वे लाइनवर, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरटमल आणि जी. नागार्जुन यांनी बाणांवरच्या या जोडणाऱ्या शब्दांवरच काम केलं: ते मोजके आणि नेमके असावेत, मोघम नसावेत. मला हे फार मोलाचं वाटतं. 'संबंधित आहे' लिहून सुटण्याची वाटच बंद होते.

तरी चित्र काढलं म्हणजे शिकलो, असंही नाही. २०११ मध्ये कार्पिक आणि ब्लंट यांच्या प्रयोगात, मजकूर समोर ठेवून संकल्पना चित्र काढणाऱ्यांपेक्षा तो बाजूला ठेवून आठवणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आलं. पुस्तक उघडं असलं की हात पुस्तकाचं चित्र काढतो, माझ्या समजुतीचं नाही. म्हणून आधी पुस्तक मिटायचं, चित्र काढायचं, मग उघडून ताडून पाहायचं.

आणि फळ्यावर मी स्वतः सुबक, पुरं चित्र काढून देतो तेव्हा? मुलं ते वहीत उतरवतात, वर्ग शांत राहतो, तास वेळेत संपतो. यातलं मुलांच्या सोयीचं किती आणि माझ्या सोयीचं किती? बाण मुलांनी भरायचे तर तास लांबणार, चुकीचे बाण पुसताना वाद होणार, पोर्शन मागे पडणार. ते पडू द्यायची माझी तयारी आहे का, हे मला आधी ठरवावं लागेल.