आजीला वाचवणारा प्रत्यय

परवा भाचीने शाळेत ऐकलेला विनोद सांगितला. 'लेट्स ईट, ग्रँडमा' यातला स्वल्पविराम काढला, की आजीच ताटात येते. हसून झाल्यावर ती म्हणाली, "मराठीत अशी गंमत नाहीच." ते वाक्य मला दिवसभर बोचत राहिलं.

विरामचिन्हं आपल्याकडे मेजर थॉमस कँडी यांनी रुजवली, १८५० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मुद्दा वेगळा आहे. 'आजी, जेवूया' आणि 'आजीला खाऊया' यांत आजीला चिन्ह वाचवत नाही, 'ला' वाचवतो. इंग्रजीत शब्दाचं नातं त्याच्या जागेवरून कळतं, मराठीत प्रत्ययावरून. म्हणून आपली गंमत अक्षरांत असते, श्लेषात असते.

आणि आपली भीतीही. नाशिकच्या गंगापूर रोडने आनंदवल्लीवरून जाताना हे हटकून आठवतं. चावंडस या गावाला राघोबादादांनी पत्नी आनंदीबाईंचं नाव दिलं. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' केल्याचा ठपका लोकांनी आनंदीबाईंवर ठेवला. 'ध'चा 'मा' ही आख्यायिकाच, पण ती टिकली. कारण मराठीत जीव अक्षरावर टांगलेला असतो.

शेजारचे निवृत्त मास्तर यावर म्हणाले, "मग ही साहेबाची टिंबं टाकूनच द्या. मोडीत कुठे होती?" मोडीत तर दोन शब्दांत जागाही सोडत नसत, वाचणाऱ्याचे हाल होत, असं मी म्हटलं खरं, पण मनातून मला त्यांचं पटत होतं.

त्याच संध्याकाळी भावाचा मेसेज आला : 'आई पोचली'. मी 'बरं झालं' लिहून निर्धास्त झाले. तासाभराने आईचाच फोन आला, बस अजून सिन्नरला होती. भाऊ बातमी देत नव्हता, विचारत होता. माझ्या उत्तराने तोही निर्धास्त झाला होता.

इंग्रजीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलते. आपण 'का' गाळतो आणि नुसत्या सुरावर विचारतो : जेवलात? आलास? पोचली? तो सूर कागदावर उतरवायला प्रश्नचिन्हाशिवाय दुसरं काही नाही. स्वल्पविरामावाचून मराठीचं फारसं अडत नाही, प्रश्नचिन्हावाचून अडतं. मास्तरांना मी आता हेच सांगते.

तुम्हीही घरच्यांची खुशाली विचाराल, तेव्हा ते एक चिन्ह विसरू नका.