घराखालची स्मशानभूमी

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. इ.स.पू. 1600 ते 700 या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामातून दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. गावाबाहेर नव्हे, तर राहत्या घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात.

त्यांतली बहुतेक लहान मुलांची. दोन मातीचे कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून खड्ड्यात ठेवलेले आणि आत तान्हे मूल. शेजारी अन्नपाण्यासाठी लहान भांडी. ज्या जमिनीवर चूल पेटत होती, तिच्याचखाली आईने आपले मूल ठेवले होते. तीन हजार वर्षांनंतरही हे पाहताना मन गलबलते.

मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत. अनेकांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून भटकू नये ही त्यामागची समजूत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एक पुरुष मात्र वेगळा: पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात त्याला बसवले होते आणि त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा.

पुढे पाऊस घटला, शेती खालावली, घरे लहान गोल झोपड्यांवर आली. तरीही मुलांना घरातच पुरण्याची रीत वस्ती उठेपर्यंत टिकली.