गरीब बिचारा

बीदर जिल्ह्यातल्या भालकी, औराद, बसवकल्याणकडे एखाद्या मुलाची चौकशी करा. 'गरीब हाय बिचारं' असं उत्तर हमखास मिळेल. घरी पंचवीस एकर काळी जमीन असली तरी उत्तर तेच. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात गेलेलं, केसांना तेल भरपूर पण भांगाचा पत्ता नाही, चार माणसांत बोलायची वेळ आली की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहणारा, असा तो मुलगा. शहरात त्याला गबाळा, बावळट, अजागळ यांपैकी काहीतरी एक नाव मिळालं असतं. इथली म्हातारी मात्र 'बिचारं' म्हणताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. शेजारची कन्नड बाई त्याच्याकडे बघून 'पाप!' म्हणते. तिच्या बोलण्यातल्या त्या 'पाप'चा पातकाशी संबंध नाही, तो निव्वळ कळवळा आहे.

'बिचारा' हा मूळचा फारसी 'बेचारा', ज्याच्यापाशी काही इलाज उरला नाही असा. 'गरीब' अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आली, तेव्हा दरबारात दोन तट होते. इथं मुरलेले ते दखनी. इराण-मध्य आशियातून नव्यानं आलेले ते आफाकी किंवा गरीब. म्हणजे बीदरच्या किल्ल्यात एके काळी 'गरीब' म्हणवून घेणाऱ्या माणसाच्या पदरी हत्ती-घोडे असू शकत.

महमूद गवान हा असाच गरीब. इराणमधल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ च्या सुमारास आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला आणि बीदरला येऊन वजीर झाला. त्यानं १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आजही शहरात उभा आहे. निम्मा पडलेला, पण उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून उन्हात चमकतात. विरोधकांनी त्याच्या नावानं बनावट पत्र रचलं आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतानानं या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा शिरच्छेद करवला. इतक्या मोठ्या वजिराच्या घरी धन किती सापडतं, याची सुलतानाला उत्सुकता होती. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की हा माणूस मातीच्या भांड्यांत जेवत असे आणि चटईवर झोपत असे. स्वतःपुरता खर्च तो आपल्या जुन्या व्यापारातून काढी. बाकीचं वाटून टाकी. परका आणि निर्धन, हे गरीब शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या घरात सापडावेत, याचं मला फार वाटतं.

'गरीब' शब्दासारखाच मुलूख आणि अर्थ बदलणारा प्रवास दूर अमेरिकेत यिडिश शब्दांनी केला. १८८० नंतर पूर्व युरोपातले लाखो ज्यू न्यूयॉर्कला गेले. त्यांची बोली यिडिश. पाया जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव शब्द मिसळलेले, लिपी हिब्रू. तिच्यात नीटनेटक्या नसलेल्या, कशातच जम न बसलेल्या माणसांसाठी शब्दांचा मोठा साठा होता आणि त्यातले कितीतरी आज इंग्रजीत रोज वापरले जातात. चुरगळलेल्या कपड्यांतला ढिला माणूस म्हणजे श्लब. श्लेमील आणि श्लिमाझल यांतला फरक सांगताना जुने लोक म्हणत, की वाढताना सूप सांडतो तो श्लेमील, आणि ज्याच्या अंगावर ते सांडतं तो श्लिमाझल.

त्यातला 'नेबेख' मला सर्वांत जवळचा वाटतो. हा स्लाव भाषेतून आलेला उद्गार, तंतोतंत आपल्या 'बिचारा'सारखा. एखाद्याची नोकरी गेली, बायको वारली, की बोलता बोलता मध्येच 'नेबेख' म्हणायचं आणि पुढं सांगायचं. इंग्रजीत जाताना त्याचा 'नेबिश' झाला, आणि अर्थ उरला तो खोलीत येऊनही कुणाच्या लक्षात न येणारा, पुळचट माणूस. दुसऱ्याच्या दुःखानं तोंडून निघणारा सुस्कारा गेला आणि त्याच माणसाच्या कपाळावर शिक्का बसला. ज्या गावांत तो शब्द कळवळ्यानं म्हटला जाई, ती गावं हिटलरच्या काळात पुसली गेली. मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुतेकांची भाषा यिडिश होती. त्या भाषेतला कळवळा ज्यांच्या कानांत होता ते लोक संपले, आणि विनोदी मालिकांतून शिवी तेवढी जगभर पोचली, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

आपल्याकडे 'बिचारा' अजून जिवंत आहे, पण त्याला धोका आहेच. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा एकीकडे गेला, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, तेलंगणा आंध्रात. सीमेवरची मराठी तिथंच राहिली, दखनी उर्दू आणि कन्नडच्या मांडीला मांडी लावून. आळंद किंवा भालकीचा मुलगा पुण्याच्या वसतिगृहात येतो आणि 'कुठं जायलास?' असं विचारतो, तेव्हा खोलीतले चौघे हसतात. तोच मुलगा बंगळुरूला गेला तर तिथं त्याच्या कन्नडला हसतात. दोन्हीकडे तो गावंढळ. महिन्याभरात तो बोलायचा थांबतो, आणि मग न बोलणारा म्हणून त्याला आणखी एक नाव मिळतं. आपण कुणाला बावळट म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो परका असतो एवढंच. आपल्या रीतीभाती त्याला अजून कळलेल्या नसतात. त्या शिकवायलाही कुणी बसलेलं नसतं.

जून-जुलैत अशी मुलं तुमच्या वर्गात, कचेरीत, शेजारच्या खोलीत येतील. त्यांना नाव ठेवण्याआधी त्यांचं गाव विचारा. ती बोलू लागली की मध्ये दुरुस्ती करू नका. बटण चुकलं असेल तर बाजूला घेऊन हळूच सांगा.