निवडणाऱ्यांची परीक्षा

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ व्यावसायिक संघांचे कारभारी जमले. समोर नव्वद नावांची यादी होती, सगळी महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकेतला, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघानं पहिलं नाव उचलायचं, मग त्याच्या वरच्यानं. आपल्या आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांची. चांगले खेळाडू बलाढ्य संघांकडेच जातात आणि दुबळा संघ दुबळाच राहतो, याची झळ त्यांनी सोसली होती. पहिलं नाव त्यांनीच घेतलं: शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर, हाइजमन करंडकाचा पहिला मानकरी. पैशांवरून बोलणी फिसकटली आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

या घटनेकडे गंमत म्हणून पाहिलं जातं, पण मला ती पुढच्या सगळ्या इतिहासाची नांदी वाटते. ‘ड्राफ्ट’ची व्यवस्था न्यायासाठी जन्मली होती. दुबळ्याला आधी निवडू दिलं की तो सबळ होईल, हे तिचं गृहीतक. त्याच्या पोटात दुसरं गृहीतक दडलेलं होतं: आधी निवडणाऱ्याला चांगलं काय ते ओळखता येतं. हे दुसरं गृहीतक तपासायला सत्तर वर्षं लागली.

सुरुवातीला तपासण्यासारखं काही नव्हतंच. वर्तमानपत्रांतली वर्णनं आणि ओळखीच्या प्रशिक्षकाचा शब्द एवढ्यावर नावं ठरत. १९४६ च्या सुमारास लॉस एंजेलिस रॅम्सनी एडी कोटल यांना पूर्णवेळ पारखी नेमलं आणि खेळाडू प्रत्यक्ष पाहून निवडण्याची शिस्त रुजू लागली. पण पाहणाऱ्यांची भाषा सैल होती. एकाचा ‘चपळ’ दुसऱ्याच्या लेखी ‘ठीक’ असे.

ही अडचण गांभीर्यानं घेतली डॅलस काउबॉइजच्या टेक्स श्रॅम यांनी. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, स्क्वॉ व्हॅलीत, त्यांनी आयबीएमचे संगणक निकाल हाताळताना पाहिले आणि खेळाडू निवडायला हे यंत्र वापरता येईल का, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. काम आलं सलाम कुरेशी यांच्याकडे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेला हा संख्याशास्त्रज्ञ आयबीएमच्या एका उपकंपनीत नोकरीला होता. त्यांना क्रिकेट ठाऊक होतं, अमेरिकन फुटबॉल नाही. माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. मैदानात वाढलेल्या माणसाला जे उघड वाटतं, ते बाहेरच्याला विचारून घ्यावं लागतं. कुरेशी विचारत गेले. प्रशिक्षक ज्या गुणांची नावं घेत, त्यांची यादी तीनशेच्या घरात गेली होती. त्यातून पाच उरले: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तल्लखता आणि ताकद. नेमक्या विधानांना एक ते नऊ गुण द्यायचे, अशी प्रश्नावली बनली. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ही पद्धत वापरात आली. १९६६ पासून सलग वीस हंगाम काउबॉइजचे विजय पराभवांपेक्षा जास्त राहिले. त्याचं सगळं श्रेय संगणकाला देणं अन्यायाचं होईल. प्रशिक्षक टॉम लँड्री आणि खेळाडू शोधणारे गिल ब्रँट हेही तिथेच होते. कुरेशींचं खरं योगदान मला वेगळंच दिसतं. खेळाडू मोजायच्या निमित्तानं त्यांनी पारख्यांचे शब्द मोजायला घेतले. विचाराची दिशा तिथे वळली.

पुढची दोन दशकं मात्र ती पुन्हा शरीराकडे गेली. १९८२ मध्ये टँपाला सामाईक चाचणी-शिबिर सुरू झालं, १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरतं. चाळीस यार्डांची धाव, उंच उडी, वजन उचलणं. मोजायला सोपं म्हणून मोजलं जाऊ लागलं, आणि जे मोजलं जातं त्याचाच सराव होऊ लागला. १९९५ साली माइक मामुला या चाचण्यांची खास तयारी करून आला, सगळ्यांना थक्क केलं आणि सातव्या क्रमांकावर निवडला गेला. बाराव्या क्रमांकावर गेलेला वॉरन सॅप पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. २००० साली टॉम ब्रेडी हीच धाव रेंगाळत धावला आणि १९९ वा निवडला गेला. त्याच्या सात सुपर बोल विजेतेपदांबद्दल वेगळं सांगायला नको.

अशा किश्श्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण उलटे किस्सेही तितकेच सापडतात. सिद्ध करायचं काम केलं केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी. थेलर हे पुढे २०१७ साली नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ. २००५ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात त्यांनी साधा प्रश्न विचारला: एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता किती? उत्तर आलं ५२ टक्के. नाणेफेकीहून जेमतेम बरं. तरीही संघ त्या एका पायरीसाठी भरमसाट किंमत मोजत होते. पहिल्या निवडींचे पगार इतके चढे होते की खर्चाच्या मानानं सर्वाधिक लाभ दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला मिळत होता. दुबळ्यांसाठी राखलेला मान त्यांच्यावर ओझं होऊन बसला होता. २०११ मध्ये नवख्यांच्या पगारांना मर्यादा आली आणि ते ओझं बरंच हलकं झालं, पण आपल्या नजरेवरचा फाजील विश्वास करारानं कसा कमी होणार?

थेलर यांनी लिहिलं आहे की वॉशिंग्टन संघाच्या मालकांनी त्यांना आपल्या लोकांशी बोलायला लावलं होतं. त्यांचा सल्ला होता, वर सरकण्यासाठी निवडी उधळू नका. २०१२ साली याच संघानं सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी आपली पहिल्या फेरीची ती निवड, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि वर दुसऱ्या फेरीची एक निवड देऊन टाकली. बदल्यात आला क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू. पहिलं वर्ष झळाळतं गेलं, मग गुडघा दुखावला. त्याच वर्षी त्याच संघानं चौथ्या फेरीत घेतलेला कर्क कझिन्स पुढे त्याच्या जागी उभा राहिला. ग्रिफिनला निवडणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, गुडघ्याचं भाकीत कोण करणार? पण ज्याचं भाकीत होत नाही त्यावर तीन वर्षांची पुंजी लावणं, ही चूक निवडणाऱ्याची.

म्हणून मला वाटतं, या विचाराची खरी प्रगती अधिक अचूक सूत्र सापडण्यात झाली नाही. आपल्याला किती दिसतं हे निवडणाऱ्यांना मोजता येऊ लागलं, यात झाली. तरी एक कोपरा अजून अंधारात आहे, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. सगळी आकडेवारी बनते ती संधी मिळालेल्यांची. कृष्णवर्णीय खेळाडू क्वार्टरबॅकच्या जागी चालणार नाही, हा समज कित्येक दशकं टिकला. १९७८ मध्ये वॉरन मूनला या जागेसाठी कुणी गांभीर्यानं घेईना. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथल्या विजेतेपदाचे सलग पाच ग्रे कप जिंकले, १९८४ मध्ये ह्यूस्टनकडून खेळायला अमेरिकेत परतला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. चाळीस वर्षांनी, २०१८ साली, लमार जॅक्सन या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकनं जागा बदलावी असा सल्ला बिल पोलियन या नावाजलेल्या माजी व्यवस्थापकांनी दिला. जॅक्सन बत्तिसावा निवडला गेला, त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक गेले होते. २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पन्नासपैकी पन्नास मतं त्याला मिळाली आणि पोलियन यांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. मूनच्या पिढीत ज्यांना एडमंटनचाही रस्ता सापडला नाही, त्यांनी क्वार्टरबॅक म्हणून काय केलं असतं याची नोंद कुठल्याही तक्त्यात नाही, आणि आजची सूत्रं याच तक्त्यांवर शिकतात.