एरंडाचं गुऱ्हाळ

माणूस धर्म बदलतो, पक्ष बदलतो, क्वचित बायकोच्या आग्रहाखातर चहाची पावडरही बदलतो. पण इंजिनात घालायच्या तेलाची कंपनी बदल म्हटलं की त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. स्कूटरवाल्यांत हा कडवेपणा असतो, ट्रकवाल्यांत जरा जास्त असतो, आणि डिझेलवर चालणाऱ्या मच्छीमार बोटींच्या मालकांत तो पराकोटीला पोचतो. हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो. तिथे सुरमईच्या भावावरून होत नसेल एवढा आरडाओरडा चहाच्या टपरीवर ‘बोटीला तेल कुठलं चांगलं?’ या एका प्रश्नावरून होऊ शकतो. माझी स्वतःची बोट नाही, हा या बाबतीत माझा सर्वांत मोठा गुण. त्यामुळे सगळ्याच बाजू मला आपलं म्हणणं पटवून देतात आणि चहाचे पैसेही देतात.

या बाबतीत तीन पंथ आहेत. पहिला वारकऱ्यांसारखा परंपरेचा. “आमच्या बापाशीनं हेच घातलं, आम्ही हेच घालतो.” बापाशीचं इंजिन वेगळं होतं, डिझेल वेगळं होतं, हा मुद्दा इथे काढायचा नसतो. दुसरा पंथ मिस्त्रीचा. मिस्त्री सहसा बोलत नाही. तो इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढतो, तेल दोन बोटांत चोळतो, नाकाशी नेतो आणि नाडी पाहिलेल्या वैद्यासारखा क्षितिजाकडे बघत एकच नाव उच्चारतो. त्यावर अपील नाही. तिसरा पंथ ‘तेल ते तेल’ म्हणणाऱ्यांचा. संख्येनं हाच मोठा असावा, पण यातले लोक आपलं मत दुकानात गेल्यावरच सांगतात, तेही हळू आवाजात.

निष्फळ चर्चेला आपल्याकडे एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्याला पुढचं दिसलं असावं. कारण कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं आहे. वेकफिल्ड नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८९९ साली तेलाची कंपनी काढली आणि दहा वर्षांनी, विमानांच्या आणि मोटारींच्या इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं, त्याचं हे नाव. लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून जे आपल्या घशात ओतलं गेलं, त्याच्याच भाऊबंदांवर पुढे विमानं उडाली. आपण मात्र घरातल्या घरातच पळालो.

श्रद्धेचं म्हणाल, तर या देशात तिची एकदा सरकारी परीक्षा झाली आहे. १९७४ साली एस्सो सरकारनं ताब्यात घेतली आणि तिचं हिंदुस्तान पेट्रोलियम झालं. १९७६ साली बर्मा-शेलची पाळी आली; ती पुढे भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइलचं सर्व्हो १९७२ साली आलेलं होतंच. ज्यांच्या दोन-दोन पिढ्या विलायती डब्याला नमस्कार करत आल्या होत्या, त्यांचं दैवत कायद्यानं बदललं. एवढी उलथापालथ झाली, पण त्या दुःखानं एखाद्या इंजिनानं अंथरूण धरल्याचं ऐकिवात नाही.

मग काय, सगळी तेलं सारखीच? तसंही नाही. डब्यावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि खरी माहिती बारीक अक्षरांत असते, कोर्टाच्या नोटिशीसारखी. तिथे ‘१५ डब्ल्यू ४०’ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं. चाळीस हा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहील त्याचा आकडा. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. १५ डब्ल्यू तेलाची थंडीतली एक परीक्षा शून्याखाली वीस अंशांवर घेतात. तेवढी थंडी पडली तर हर्णैचा समुद्र गोठेल आणि मासे लिलावाला घसरत येतील. तरी त्या आकड्याचा पहाटेच्या गार इंजिनालाही थोडा उपयोग होतोच. त्याशेजारी ‘सी’नं सुरू होणारी अक्षरं असतात, ती डिझेल इंजिनाची. सीएच, सीआय अशी ही बाराखडी इंजिनांबरोबर पुढे सरकत २०१६ साली सीकेपर्यंत आली. आपल्या इंजिनाच्या पुस्तकात जो आकडा आणि जी अक्षरं सांगितली असतील, ती डब्यावर असली पाहिजेत. त्यात तडजोड नाही.

एवढं जुळल्यावर उरतो तो मुख्यतः रंग, डब्याचा आकार आणि जाहिरातीतला नट. तेलात काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी जी औषधं घालतात, ती जगभर बहुतांशी मोजक्या चार मोठ्या कंपन्या बनवतात. म्हणजे टपरीवर ज्या दोन डब्यांवरून दोन मित्रांनी वर्षभर अबोला धरला, त्या डब्यांतली औषधं एकाच घरची असण्याची बरीच शक्यता आहे. जातीवरून मोडलेल्या लग्नात दोन्ही पक्षांचं मूळ गाव एकच निघावं, तशातला प्रकार.

तर मग माणूस भांडतो कशाला? मला वाटतं, निवड करण्यात एक सोय आहे. ती एकदाच करायची असते, चारचौघांत मिरवता येते, आणि ती केली की आपण जबाबदारी पार पाडली असं वाटतं. मुलाला चांगल्या शाळेत घातलं की बापाला हे समाधान मिळतं. मग त्याचा अभ्यास घ्यायला तो बसला नाही तरी चालतं. तेलाचंही तसंच. उंची तेल घेणारा नाखवा ते वेळेवर बदलतोच असं नाही.

बोटीच्या इंजिनाचा हिशेब मैलांत नसतो, तासांत असतो. समजा पुस्तकात अडीचशे तासांनी तेल बदला म्हटलं आहे. रात्रंदिवस इंजिन चालू ठेवलं तर ते दहा दिवसांतच भरतात. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा तेल सगळेच बदलतात. त्याला धैर्य लागत नाही. खरी परीक्षा पुढे, मासळी लागलेली असते तेव्हा होते. “एक फेरी मारून येऊ, मग बघू.” या एका वाक्यानं जेवढी इंजिनं बसली असतील तेवढी कुठल्याही कंपनीच्या तेलानं बसली नसतील.

आणि रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला घेता येते. समुद्राला कडा नसते. वारा फिरला की बंद बोट तो नेईल तिकडे जाते, आणि तिच्यावर सात-आठ माणसं असतात. इथे मला खरा प्रश्न दिसतो. ज्याच्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, त्यानं नुसत्या आवडीवर निवड करावी का? गंमत अशी की, बऱ्याच बोटींवर डिझेल, बर्फ, तेल यांचा खर्च वजा जाता उरलेल्या पैशांचे वाटे पडतात. म्हणजे तेलाचे थोडे पैसे खलाशाच्या खिशातूनही जातात आणि जीवही त्याचाच जातो. फक्त मत तेवढं त्याला कोणी विचारत नाही. टपरीवर तो कोपऱ्यात बसून चहा पितो. आमच्यासारखे बोट नसलेले लोक मात्र तावातावानं बोलत असतात.

दिसण्यावर जाण्याची खोडही इथे आहेच. तेल काळं पडलं की लोक कंपनीला शिव्या देतात. डिझेल इंजिनात तेल काळं पडायचंच. काजळी त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलेली असते, म्हणून ती यंत्राला चिकटत नाही. घरातल्या कर्त्या माणसाचे कपडे जसे सगळ्यांत मळके असतात, तसं. भीती धरायची ती तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर. तेव्हा आत पाणी शिरलेलं असतं. सोवळ्याचाही तोच प्रकार. दुसऱ्या कंपनीचं तेल मिसळलं तर इंजिन बाटेल म्हणून भर समुद्रात शेजारच्या बोटीचा डबा नाकारणारे आहेत. त्याच दर्जाचं तेल वेळप्रसंगी वरून घातलं तर सहसा काही बिघडत नाही. तेल कमी पडलं तर मात्र सगळंच बिघडतं.

हे सगळं मी एकदा ओळखीच्या एका म्हाताऱ्या तांडेलापुढे मांडलं आणि विचारलं, “मामा, तुमची कंपनी कुठली?”

“दुकानदार बघतो मी, भाऊ,” ते म्हणाले. “डब्यावर नाव कोणी पण छापील.”

हे मात्र टपरीवर कधी निघालं नव्हतं. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे गोळा करायचे, त्यांत जुनं गाळलेलं तेल भरायचं आणि नवं म्हणून विकायचं, हा धंदा आपल्याकडे चालतो. अशा वेळी तुमची कंपनीवरची निष्ठाच तुम्हाला बुडवते, कारण भामटा डबा निवडतो तो सगळ्यांत जास्त श्रद्धा असलेल्या कंपनीचाच.

मामांनी बोलता बोलता सूत विणायची बाजूला ठेवली, नुकताच रिकामा झालेला डबा पुढे ओढला आणि कोयतीच्या टोकानं त्याला तळाशी दोन भोकं पाडली. “आता ह्यात कोणी काय भरणार नाही,” म्हणाले. जुनं काळं तेल त्यांनी पिंपात ओतून ठेवलं होतं, समुद्रात नाही. ज्या बोटीत तो डबा उद्या गेला असता, ती कोणाची, तिच्यावर कोण खलाशी, हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. डबा कुठल्या कंपनीचा होता, ते बघायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही.