नाही म्हणण्याचा हक्क

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवर बपेरा हे गाव आहे. हा धानाचा आणि तलाव-बोड्यांचा मुलूख. जिल्ह्यात कोका अभयारण्य आहे आणि १९७० साली अभयारण्य झालेले नागझिरा २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जंगल सफारी इथल्या लोकांना नवी नाही. ते जंगल कोणाचे, हा प्रश्न मात्र सफारीला येणारे क्वचितच विचारतात.

वाघ दिसण्याचा उत्तम काळ म्हणजे एप्रिल-मे. पाणवठे आटतात, पाने गळतात, दूरवरचे दिसते. मोहफुले आणि पाठोपाठ तेंदूपाने गोळा करण्याचा हंगामही साधारण हाच. त्यामुळे एकाच पहाटे कोणी जिप्सीत बसून वाघ दिसावा म्हणून आसुसलेला असतो, आणि संरक्षित क्षेत्राबाहेरच्या रानात मोहाखाली वाकलेली बाई तो दिसू नये म्हणून देवाला आळवत असते. आनंद एकाच्या वाट्याला आणि जोखीम दुसऱ्याच्या, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही.

गाइड, जिप्सीचालक, वनमजूर म्हणून गावातल्या तरुणांना काम मिळते. तो रोजगार मोलाचा आहे, पण रोजगार म्हणजे मालकी नव्हे. किती गाड्या सोडायच्या, कोणती वाट बंद ठेवायची, कोणत्या ऋतूत जंगलाला विसावा द्यायचा, हे ठरवता येणे म्हणजे मालकी. नको असेल तेव्हा ‘नाही’ म्हणता येते, तोच खरा धनी.

हा अधिकार हाती आल्यावर गाव काय करते, याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दिले आहे. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूतून हक्काची मजुरी सुरू झाली. तेंदूपान हे हमखास रोख उत्पन्न, पण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात आणि फळे पाखरांना उरत नाहीत. म्हणून ग्रामसभेने ते तोडणेच बंद केले. जंगलाचा काही भाग कोणीही हात लावू नये म्हणून राखून ठेवला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तर २००९ मध्येच सुमारे १,८०० हेक्टरांवर हा हक्क मिळाला होता. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची तरतूद आली. लोकांनी स्वेच्छेने पुढे केलेली खासगी किंवा सामूहिक जमीन राज्य सरकार असे क्षेत्र म्हणून घोषित करू शकते.

खासगी जमिनीचा हा मुद्दा धानपट्ट्यासाठी फार महत्त्वाचा आहे. माणसाएवढ्या उंचीचा सारस महाराष्ट्रात आज मुख्यतः गोंदियात आणि तुरळक भंडाऱ्यात उरला आहे. तो अभयारण्याच्या कुंपणात राहत नाही. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर उबवतो. तेवढा तुकडा शेतकऱ्याने न तुडवता, न फवारता सोडला, तरच पिल्लू जगते. गोंदियात स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या साथीने शेतकऱ्यांनी अशी घरटी जपली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसाच्या ऱ्हासाची स्वतःहून दखल घेतली, पण घरट्यापाशी रोज उभा असतो तो शेतकरीच. सारस पाहायला येणाऱ्याने त्याची परवानगी घ्यावी आणि मोबदला थेट त्याच्या हाती पडावा.

असा मोबदला इतर देशांत मिळतोही. केनियात मासाई मारा राखीव क्षेत्रालगतच्या कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून वन्यजीवांसाठी दिल्या. पर्यटन व्यावसायिक त्यांना भाडे देतात. नामिबियात १९९६ च्या कायद्याने समुदाय क्षेत्रांची वाट मोकळी झाली. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटन थांबले आणि केवळ पाहुण्यांवर विसंबण्यातला धोकाही तिथे दिसला. सफारी ही जोडकमाई असावी. बांबू, मोह, मासळी आणि शेतीचा आधार सुटता कामा नये.

गाव चुकीचा निर्णय घेईल, ही भीती काही जणांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. पण खाणी आणि धरणांसाठी जंगले गेली, ते निर्णय गावांनी घेतले नव्हते. ग्रामसभेत बायामाणसे उघड चर्चा करतात आणि चुकीची झळ स्वतः सोसतात, म्हणून ती चूक सुधारण्याची शक्यता अधिक असते. वनविभागाचे ज्ञान, प्राणिगणना, आगीपासून बचाव यांची साथ त्यांना लागेलच. ती साथ द्यावी, हुकूम देऊ नये.

तुमसर तालुक्यातल्या ज्या गावांना जंगल लागून आहे, त्यांनी वनहक्काचे दावे नेटाने करावेत आणि शासनाने ते रखडवू नयेत. सफारीला जाणाऱ्या वाचकाने तिकीट काढण्याआधी एवढे विचारावे: या पैशातला किती वाटा गावाला जातो, आणि इथे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार गावाला आहे का?