पाच अणूंचा सुवास

इंद्रायणी शिजत आला की तांदूळ कोणता, हे सांगावे लागत नाही. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने हे वाण काढले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांना दिले. एकाकडून वास आला, दुसऱ्याकडून उतारा.

या वासामागे एक एकवलयी रेणू आहे : २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. चार कार्बन, एक नायट्रोजन, असे पाच अणूंचे एकच कडे आणि त्याला लागून दोन कार्बनांचा गट. एक अब्ज भाग पाण्यात याचा एकदशांश भाग असला, तरी नाकाला कळतो.

हे कडे जुळते कसे, ते पाहण्यासारखे आहे. साध्या भातात एक विकर अमिनोब्युटेनाल या सरळ साखळीच्या रेणूचे लगेच दुसऱ्या पदार्थात रूपांतर करते. बहुतेक सुवासिक वाणांत त्या विकराचे जनुक बिघडलेले असते. मग ही साखळी शिल्लक राहते, तिचे नायट्रोजनचे टोक वळून दुसऱ्या टोकाला भिडते, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि वलय मिटते. तीन-चार अणूंच्या वलयात बंधांवर ताण येतो. पाचांच्या वलयात तो फारसा उरत नाही, म्हणून हे सहज घडते. पुढे त्याला अ‍ॅसिटिल गट जोडला की सुवास तयार.

म्हणजे जनुकाच्या हिशेबात जो बिघाड, तोच ताटातला गुण. रसायनशास्त्राला या रेणूचा पत्ता १९८०च्या दशकात लागला. शेतकऱ्यांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या वासावर बियाणे निवडून तो जपला होता. ती निवड म्हणजे डोळस संशोधनच होते, असे मी मानतो.

हा रेणू उडून जाणारा आहे. कडक उन्हात वाळवण, गिरणीत तापलेला दाणा, लांबलेली साठवण, या प्रत्येक टप्प्यावर तो घटतो आणि काट्यावर क्विंटलमागे त्याची नोंद कुठेच होत नाही. ज्याची नोंद नाही त्याला भाव नाही, आणि भाव नसेल तर शेतकऱ्याने तो जपावा कशासाठी? लोणावळ्याच्या वाटेवर भाताची खाचरे प्लॉटिंगखाली जात असताना हा प्रश्न टाळता येणार नाही. सुवास आता प्रयोगशाळेत मोजता येतो. तेव्हा खरेदीची प्रत ठरवताना तो मोजला पाहिजे, आणि त्याचे पैसे खाचरात राबणाऱ्याच्या पदरात पडले पाहिजेत.